उपाशी स्पंज, चकाचक टँक

स्पंज म्हटलं की होस्टेलवाल्यांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे विंगच्या बेसिनवर पडलेला, 'हा माझा' असं कोणीच कबूल करत नाही असा भांडी घासायचा हिरवा-पिवळा तुकडा. आणि दुसरी म्हणजे कार्टूनमधली ती चौकोनी चड्डीतली पिवळी स्वारी. पहिला प्लॅस्टिकचा फोम, दुसरा नुसता रंग. खरा स्पंज या दोघांपेक्षा वेगळा, आणि तो चक्क प्राणी आहे. शाळेच्या विज्ञानात 'रंध्रीय प्राणी' नावाचा एक संघ होता. त्याखाली सायकॉन, यूस्पॉन्जिया अशी नावं होती. ती आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केली आणि पेपर संपल्यावर जेवायच्या आधी विसरलो. तोच हा.

याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. एका जागी चिकटून बसायचं आणि अंगातून पाणी खेळवायचं, एवढाच उद्योग. असला प्राणी सांभाळायला काय अवघड, असं कोणालाही वाटेल. पण घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या हौशी मंडळींना विचारून बघा. मासे जगतात, कोळंबी जगते, प्रवाळसुद्धा वाढतं, आणि दुकानातून मोठ्या हौसेने आणलेला केशरी किंवा लालभडक स्पंज मात्र काही महिन्यांत विरघळल्यासारखा नाहीसा होतो. असं का होतं आणि ते टाळायचं कसं, हा या लेखाचा विषय. मेकॅनिकल, केमिकल आणि सिव्हिल अशा तिन्ही ब्रँचच्या लोकांना यात आपापल्या सिलॅबसमधलं काहीतरी सापडेल. (कॉम्प्युटरवाल्यांनी दिव्यांचा टायमर सांभाळावा.)

आधी रीफ टँक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. साध्या फिश टँकमध्ये मासे आणि प्लॅस्टिकचं झाड असतं. रीफ टँकमध्ये प्रवाळ बेटाचा एक छोटा तुकडाच घरात उभा करायचा असतो. त्यात सच्छिद्र खडक, प्रवाळ, शंख, किडे, शेवाळ, जिवाणू सगळं आलं. हा छंद वाढला तो मुख्यतः जर्मनी आणि अमेरिकेत. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत नोकरीला आहे आणि त्याच्याकडे असा ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८४ लिटरचा टँक आहे. या लेखातली बरीचशी माहिती त्याच्याशी रविवारी सकाळी (त्याच्या शनिवारी रात्री) होणाऱ्या गप्पांमधून आणि त्या गप्पांमुळे केलेल्या वाचनातून आली आहे. पुढे त्याला नुसतं 'दादा' म्हणतो.

पंप

स्पंज वनस्पती की प्राणी, यावर पूर्वी बराच घोळ होता. १८२५ च्या सुमारास एडिंबऱ्याच्या रॉबर्ट ग्रँटने जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याच्या मोठ्या भोकांतून पाण्याचा झोत सारखा बाहेर पडताना त्याला दिसला. (हाच ग्रँट पुढे कोवळ्या वयाच्या चार्ल्स डार्विनला बरोबर घेऊन किनाऱ्यावर जीवजंतू गोळा करत फिरायचा.) स्पंजाच्या अंगावर असंख्य बारीक छिद्रं असतात, तिथून पाणी आत शिरतं. आत नळ्यांचं जाळं आणि त्या नळ्यांच्या शेवटी सूक्ष्म खोल्या असतात. खोलीच्या भिंतीला कॉलर पेशी लावलेल्या असतात. प्रत्येक पेशीला एक हलणारा चाबूक आणि त्याभोवती बारीक जाळीची कॉलर. चाबूक हलला की पाणी पुढे सरकतं आणि त्यातला खाऊ जाळीत अडकतो. मग सगळं पाणी एकत्र येऊन ऑस्क्युलम नावाच्या मोठ्या भोकातून बाहेर पडतं.

आता सेकंड इयरचं फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. कंटिन्युइटी समीकरण काय सांगतं? क्षेत्रफळ वाढलं की वेग कमी. एका खोलीचं तोंड सूक्ष्म असतं खरं, पण अशा लाखो खोल्यांची क्षेत्रफळं मिळवली तर बेरीज ऑस्क्युलमच्या कितीतरी पट भरते. म्हणून खोलीत पाणी अगदी संथ होतं आणि पेशींना खाणं टिपायला सवड मिळते. तेच पाणी ऑस्क्युलममधून जोरात बाहेर पडतं आणि दूर फेकलं जातं, म्हणजे वापरलेलं पाणी पुन्हा आत यायला नको. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज बिडर यांनी १९२३ साली स्पंजाचा आकार आणि त्याचे प्रवाह यांच्या नात्यावर एक लेखच लिहिला होता. आपल्याकडे डिझाइनच्या व्हायव्हाला हे उदाहरण दिलं तर एक्स्टर्नल निदान दोन मिनिटं गप्प बसतील.

थोडा हिशोब करू. पाठ्यपुस्तकांत ल्यूकोनिया नावाच्या स्पंजाचं उदाहरण हमखास असतं. दहा सेंटिमीटर उंच, एक सेंटिमीटर जाड, म्हणजे आपल्या करंगळीसारखा. त्यात वीस लाखांहून जास्त खोल्या, आणि दिवसाला साधारण २२.५ लिटर पाणी त्यातून जातं. त्याचं आकारमान काढलं तर जेमतेम आठ मिलिलिटर. म्हणजे दिवसाला स्वतःच्या आकारमानाच्या अडीच हजारपटीपेक्षाही जास्त पाणी! दादाच्या टँकमध्ये असा एकच स्पंज ठेवला, तर बारा-तेरा दिवसांत टँकभर पाण्याइतकं पाणी त्याच्या अंगातून जाईल. दहा ठेवले तर सव्वा दिवसात.

हा हिशोब नीट लक्षात ठेवा, कारण सगळी मेख इथेच आहे. एवढं पाणी तो हौस म्हणून गाळत नाही. समुद्राचं पाणी फार पातळ जेवण असतं. दिवसाला हजारो पट पाणी गाळावं तेव्हा कुठे त्याचं पोट (नसलेलं) भरतं.

ताट लख्ख, वाढायला काही नाही

दादाने पहिला स्पंज आणला तो केशरी, फांद्याफांद्यांचा. दुकानदाराने 'अगदी सोपा, काही करावं लागत नाही' असं सांगितलं होतं. टँक तेव्हा ऐन रंगात होता. पाणी इतकं स्वच्छ की काच आहे की नाही कळू नये. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट जवळजवळ शून्य, क्षारता ३५, तापमान २५ अंश. दादाने दर आठवड्याला फोटो काढून ठेवले होते, म्हणून पुढचं सगळं सांगता येतं. पहिले दोन महिने काहीच फरक नाही. तिसऱ्या महिन्यात फांद्यांची टोकं फिकी झाली. चौथ्यात एका टोकावर पांढरट साय आली. फोटो एकमेकांवर ठेवून पाहिले तेव्हा कळलं की फांद्या पहिल्यापासूनच बारीक होत होत्या, पण इतक्या सावकाश की रोज बघणाऱ्याला दिसू नये. पाचव्या महिन्यात तो गेला. आणि या पाचही महिन्यांत टेस्ट किटचे सगळे आकडे उत्तम!

इथे टेस्ट किट काय मोजतं ते समजून घेतलं पाहिजे. पाण्यात काय जास्त झालं आहे ते किट सांगतं. काय कमी पडलं आहे ते सांगत नाही. भूक मोजायचं किट नसतं.

स्पंजाचं खाणं म्हणजे मुख्यतः जिवाणू आणि त्याच मापाचे इतर सूक्ष्म जीव, मायक्रॉनच्या दहाव्या भागापासून काही मायक्रॉनपर्यंतचे. प्रवाळ बेटाजवळच्या पाण्यात दर मिलिलिटरला असे जिवाणू लाखांच्या घरात असतात. त्याशिवाय पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही अनेक स्पंज थेट खातात. हेन्री राइसविग यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकात स्पंजांचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाला दिसणारे कण हा स्पंजाच्या आहाराचा लहानसा भाग निघाला, मोठा भाग दिसतच नव्हता. पुढे २०१३ साली यास्पर द खूय आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की प्रवाळ बेटावरचे स्पंज विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य शोषतात, स्वतःच्या पेशी भराभर बदलतात, आणि टाकून दिलेल्या जुन्या पेशी खाली गाळ म्हणून पडतात. तो गाळ किडे, खेकडे खातात. म्हणजे पाण्यात विरघळून वाया जाणारं अन्न परत पंगतीला आणणारा हा वाढपी आहे.

आता रीफ टँकमध्ये आपण काय करतो बघा. प्रोटीन स्किमर लावतो. केमिकलवाल्यांना फ्रॉथ फ्लोटेशन माहीत आहे, हे त्याचंच भावंड. उंच नळीत बारीक बुडबुडे सोडायचे, सेंद्रिय पदार्थ आणि काही जिवाणू बुडबुड्यांना चिकटून वर येतात, फेस वरच्या कपात साठतो, कप ओतून द्यायचा. मग ॲक्टिव्हेटेड कार्बन, तो विरघळलेले पदार्थ शोषतो. हौस जास्त असेल तर अल्ट्राव्हायोलेट दिवा, तो जिवाणू मारतो. दादाकडे तिन्ही होतं. पेनसिल्व्हेनियातल्या केन फेल्डमन यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत स्किमर लावलेल्या टँकच्या पाण्यात नैसर्गिक प्रवाळ बेटाच्या तुलनेत सुमारे एक दशांशच जिवाणू सापडले. एक दशांश! आपल्या मेसने उद्या दहा पोळ्यांच्या जागी एक पोळी वाढली आणि वर 'ताट बघा कसं लख्ख घासलंय' असं सांगितलं, तर काय होईल ते सांगायला नको. आपण निदान मोर्चा तरी नेऊ. स्पंज नुसता बारीक होतो.

माशाला, प्रवाळाला ही स्वच्छता मानवते. माशाला आपण वरून खाऊ टाकतो, आणि बऱ्याच प्रवाळांच्या अंगात राहणारं शैवाल त्यांना उजेडातून अन्न बनवून देतं. स्पंजाला यातलं काही मिळत नाही. काही स्पंजांच्या अंगात निळे-हिरवे जिवाणू असतात आणि ते उजेडावर अन्न बनवतात. दुकानात मिळणारा कोलोस्पॉन्जिया हा निळसर, पानासारखा स्पंज त्यातलाच, आणि विकत आणायचाच असेल तर माझ्या मते फक्त असलाच आणावा. त्याला प्रवाळासारखा चांगला उजेड द्यायचा. बाकी बहुतेक रंगीबेरंगी मंडळी शुद्ध शाकाहारीही नाहीत आणि सौरऊर्जेवरही नाहीत. पाण्यातून मिळेल तेवढंच त्यांचं जेवण.

काय करायचं

पहिली गोष्ट, जेवण. दादाने आधी अल्ट्राव्हायोलेट दिवा काढला आणि स्किमर टायमरवर टाकून दिवसातून काही तासच चालू ठेवला. एकदम बंद केला नाही. खाणं टाकायचं आणि सफाई थांबवायची, असं एकाच वेळी केलं तर अमोनिया आणि शेवाळ दोन्ही वाढतात. मग जिवंत वनस्पतिप्लवक सुरू केलं. बाजारात त्याच्या हिरव्या पाण्याच्या बाटल्या मिळतात. बाटलीवर कणाचं माप बघावं. नॅनोक्लोरोप्सिस दोन-तीन मायक्रॉनचं असतं, ते चालतं. टेट्रासेल्मिस दहा मायक्रॉनच्या आसपास जातं, ते शिंपल्यांना ठीक, स्पंजाच्या खोल्यांना मोठं. माशांचा उकडलेला, दळलेला खाऊ पिचकारीने स्पंजावर मारणारे लोक असतात. त्याने स्पंजाची छिद्रं बुजतात, दुसरं काही होत नाही. आणि एकदम बाटली उपडी करण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसभर थेंबाथेंबाने दिलेलं बरं. स्पंज चोवीस तास जेवतो, आपल्यासारखा फक्त मेसच्या वेळेत नाही.

दुसरा उपाय ऐकून होस्टेलवर खसखस पिकेल. टँकमध्ये व्होडका घालतात! गंमत नाही, या छंदात ही रूढ पद्धत आहे. इथेनॉल म्हणजे जिवाणूंचं खाद्य. रोज अगदी मोजून थोडं घातलं की जिवाणू वाढतात, ते नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतात, आणि तेच जिवाणू स्पंजाचं जेवण होतात. अनेकांना यानंतर खडकांच्या मागे स्पंज वाढलेले दिसले आहेत. पण डोस चुकला तर जिवाणू एकदम फोफावतात, पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन संपतो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना सापडतात. हेच काम पांढरं व्हिनेगर करतं. मी व्हिनेगरच्या बाजूचा आहे. स्वस्त आहे, आणि खोलीत बाटली सापडली तर रेक्टरांना पटवून देणंही सोपं.

तिसरी गोष्ट सिलिका. बहुतेक स्पंजांच्या अंगात आधाराला सूक्ष्म काड्या असतात आणि त्या सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या असतात. (सायकॉनसारख्यांच्या चुन्याच्या. आंघोळीच्या स्पंजात काड्याच नसतात, नुसते स्पॉन्जिन नावाच्या प्रथिनाचे धागे. म्हणून तर तो अंगाला टोचत नाही.) टँकवाले मात्र सिलिकाला शत्रू मानतात, कारण तिच्यावर डायटम वाढतात आणि काचेवर तपकिरी थर येतो. आर.ओ. आणि डीआयोनायझर लावून ते सिलिका हटवतात. सांगाडा बांधायचा आणि सिमेंट बंद, अशी स्पंजाची गत. रँडी होम्स-फार्ली या रसायनशास्त्रज्ञाने, जो स्वतःही रीफ टँकचा हौशी आहे, थोडं सोडियम सिलिकेट टँकमध्ये घालण्याची बाजू मांडली आहे. आपल्या फाउंड्रीत कार्बन डायऑक्साइड मोल्डिंगच्या वाळूत घालतो तोच पदार्थ. अर्थात वर्कशॉपमधला डबा उचलून नेऊ नये. शुद्ध प्रतीचं, भरपूर पातळ करून, थेंबाथेंबाने घालावं, कारण ते अल्कलीयुक्त असतं. काचेवर तपकिरी थर दिसू लागला की समजायचं, पुरे झालं.

चौथी गोष्ट प्रवाह. स्टीव्हन व्होगेल यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की बाहेर प्रवाह असेल तर काही स्पंजांच्या आत पाणी आपोआप ओढलं जातं. ऑस्क्युलम उंचावर असतं, तिथे पाण्याचा वेग जास्त असतो आणि दाब कमी. खालच्या छिद्रांपाशी दाब जास्त. झालं, बर्नूलीच्या कृपेने पंप थोडा फुकट चालला. (वाळवंटी चुलीचं धुराडं आठवा.) म्हणून स्पंज ठेवताना त्याच्या अंगावरून मध्यम प्रवाह जाईल अशी जागा निवडावी आणि ऑस्क्युलम मोकळं ठेवावं. पंपाचा झोत सरळ अंगावर नको. प्रवाह अगदीच मंद असेल तर गाळ बसून छिद्रं बुजतात. उजेडावर जगणारे सोडले, तर बाकीच्यांना कपारीतली, अंधारी जागा द्यावी, नाहीतर अंगावर शेवाळ चढतं.

आणि हवा. हा नियम दुकानापासून पाळावा लागतो. पाण्याबाहेर काढलं की नळ्यांत हवा शिरते, बुडबुडे आत अडकतात, तेवढ्या भागात पाणी खेळत नाही, तो भाग कुजतो आणि कुजणं पसरतं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरचे काही स्पंज हवा सहन करतात, ते त्यांच्या जातीला जमतं. खोल पाण्यातल्या केशरी-लालांना जमत नाही. म्हणून दुकानदाराला पिशवी पाण्याखाली धरायला सांगावं, घरी आल्यावर पाण्याची सवय तासा-दीड तासात हळूहळू करावी, आणि पिशवीतून टँकमध्ये जातानाही भांड्यासकट पाण्याखालून न्यावं. लाइट गेल्यावर बॅटरीवरचा एअर पंप लावणाऱ्यांनी तो स्पंजापासून दूरच्या कोपऱ्यात लावावा.

बाकीचं पटापट. क्षारता ३५, तापमान २४ ते २७, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळाला लागते तेवढीच. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते टँकमध्ये अजिबात घालायचं नाही. मोठे एंजलफिश आणि मूरिश आयडॉल हे मासे स्पंज खातात. त्यांना आणि स्पंजाला एकत्र ठेवणं म्हणजे बोक्याला दुधावर बसवणं.

तब्येत कशी ओळखायची

नाडी नाही, डोळे नाहीत, कण्हत नाही. मग बघायचं काय? ऑस्क्युलम उघडं आहे का ते. रंग एकसारखा आहे का. पृष्ठभागावर साय, पांढरी लव, पारदर्शक झालेले भाग दिसतात का. पंप चालू आहे का हे पाहायला संशोधक फ्लुरेसीन नावाचा रंग वापरतात, आपल्या हायड्रॉलिक्स लॅबमध्येही प्रवाह दाखवायला रंग सोडतातच. स्पंजाच्या पायथ्याशी सिरिंजने हलकेच थोडा रंग सोडायचा. तब्येत ठीक असेल तर काही वेळातच ऑस्क्युलममधून रंगीत धार बाहेर पडते. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. मघापर्यंत निर्जीव वाटणारी वस्तू श्वास घेताना दिसते.

ऑस्क्युलम बंद दिसलं म्हणून लगेच घाबरू नये. पाण्यात वाळू उडाली, कोणी हात लावला, तर स्पंज आकसतो. मज्जातंतू नसूनही तो शिंकतो! कॅरिबियन समुद्रातल्या नळीच्या आकाराच्या एका स्पंजावर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: कचऱ्यात गुरफटलेला शेंबूड तो छिद्रांतून उलट्या दिशेने बाहेर ढकलतो आणि मग आकसून तो झटकतो. एक शिंक अर्धा-पाऊण तास चालते. तेव्हा एक-दोन दिवस मिटून राहिला तर राहू द्यावं. आठवडाभर उघडला नाही तर मात्र काळजीचं.

टोकाला कुजणं दिसलं तर वाट बघायची नाही. पाण्याखालीच धारदार ब्लेडने, कुजलेल्या भागाच्या पलीकडे बोटभर चांगला भाग धरून कापायचं. आपल्याला क्रूर वाटतं, पण तुकड्यातून उभं राहायची स्पंजाची ताकद अफाट आहे. १९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या सुट्ट्या पेशी केल्या, तर त्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यातून स्पंज तयार झाला. गाळलेल्या रसाने परत उठून फळ व्हावं, तसं. पण कुजका भाग टँकमध्ये सोडायचा नाही. स्पंजांच्या अंगात जहाल रसायनं असतात. त्यांतलं काही माणसाच्या कामाचंही आहे: सायटाराबिन हे ल्युकेमियावरचं औषध १९५० च्या सुमारास एका कॅरिबियन स्पंजात सापडलेल्या द्रव्यांवरून सुचलं. टँकमध्ये मात्र मरता स्पंज शेजाऱ्यांना घेऊन जाऊ शकतो. अशा वेळी बाहेर काढून ठेवलेला कार्बन परत लावावा आणि पाणी बदलावं.

आपल्याकडे

कोणाला हे वाचून मालवणच्या समुद्रातून एखादा तुकडा आणावासा वाटला, तर थांबा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१ साली दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि चुन्याच्या काड्यांचे सगळे स्पंज घालण्यात आले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली, पण समुद्रातून जीव उचलून आणणं हा खेळ नव्हे. मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ओहोटीला खडकांवर गुडघ्यावर बसून बघा, फोटो काढा, पाय सांभाळून ठेवा. आणि खरं सांगायचं तर अमेरिकेतही दुकानातला रंगीत स्पंज विकत घ्यावा असं मला वाटत नाही. खोल, अंधाऱ्या, खाण्याने भरलेल्या पाण्यातून काढलेला जीव, महिनोन्‌महिने उपाशी ठेवण्यासाठी कशाला आणायचा?

दादाने नंतर विकत आणला नाही. त्याऐवजी टँकच्या खालच्या टाकीत (तिला संप म्हणतात, इथे घोषणाबाजी नसते) एक कप्पा काळा पुठ्ठा लावून अंधारा केला, त्यात खडकाचे तुकडे रचले आणि पाणी हळू जाईल असं केलं. ही अंधाऱ्या कप्प्याची कल्पना स्टीव्ह टायरी या अमेरिकन हौशी अभ्यासकाने पुढे आणली. स्पंज खडकांबरोबर लपून आलेलेच असतात, फक्त त्यांना अंधार, मंद प्रवाह आणि जेवण मिळत नसतं. चार महिन्यांनी त्या कप्प्यात पिवळा पातळ थर पसरला. मग पांढऱ्या गोळ्या, काबुली चण्याएवढ्या. आणि मग पंपाच्या नळीच्या तोंडाशी, पीव्हीसीच्या सांध्यांवर, अगदी नको तिथे, एक-दीड सेंटिमीटरच्या पांढऱ्या, केसाळ, टोकाला मुकुट असलेल्या छोट्या सुरया उगवल्या. दादाने कॅमेरा जवळ नेऊन दाखवल्या. चित्र ओळखीचं होतं. सायकॉन! शाळेच्या पुस्तकात आकृतीला नावं द्यायला सांगायचे तोच. मोजले तेव्हा एकतीस भरले. आता दर पंधरा दिवसांनी नळी साफ करताना दादा चार-पाच सायकॉन हलकेच सोडवून, पाण्याखालूनच, कप्प्याच्या दुसऱ्या टोकाला सोडतो. काही चिकटतात, काही नाही. नळीवर तोवर नवे आलेले असतात.